मिशी तुटली, हे तुम्हाला सांगायचं राहिलं

सलीमभाई, काचेच्या पलीकडं पंख्याचं छोटं विमान येऊन उभं राहिलंय आणि मी त्याच्याकडं पाठ करून बसलेय. नागपूरच्या या विमानतळावर खुर्च्या भरपूर रिकाम्या आहेत, पण मी मुद्दाम खांबाच्या आडची धरली. तुम्ही असता तर हसला असता. "अवं इंजिनेर बाई, पाठ केल्यानं विमान चांगलं होते काय?" म्हणाला असता. नाही होत, माहीत आहे मला. पण तिकडं तोंड करून बसलं की माझे डोळे आपोआप नाकामागच्या त्या लहान झाकणाकडं जातात. त्याच्या आत आपले डबे आहेत. आणि मग माझ्या हातांना असा घाम सुटतो की पेन धरवत नाही.

तुम्हाला जाऊन आठवडासुद्धा झाला नाही. कंपनीच्या पत्रिकेसाठी दोन परिच्छेद मागितले होते, ते दिले. मनमिळाऊ, अभ्यासू, सर्वांना सांभाळून घेणारे, असं सगळं लिहिलं. वाचून तुम्हाला शंका आली असती की हे कोण गेलं बरं! तुम्ही कुठले मनमिळाऊ? कॅन्टीनमध्ये भाजीत मीठ कमी पडलं तर आचाऱ्याला बाहेर बोलवायचे तुम्ही. ते लिहिणं कंपनीसाठी होतं. हे तुमच्यासाठी आहे.

आपण नक्की काय करतो हे घरच्यांना समजावता समजावता आपली दोघांची जिंदगी गेली. विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रं म्हातारी कशी होतात, कोणता भाग किती उड्डाणांनी थकेल, कधी दगा देईल, हे तो दगा द्यायच्या आधी सांगायचं. एवढंच काम. माझ्या आईला मी सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हंजे ज्योतिष." तुमच्या अब्बांनी तर कारंजाच्या सगळ्या मोहल्ल्यात सांगून ठेवलं होतं, "माहा पोरगा विमानाले कल्हई करते." तुम्ही चिडायचे. मला मात्र ते फार आवडायचं, आणि पुढं जे निघालं ते पाहता अब्बा फारसं चुकीचं बोलत नव्हते.

आपली ओळखही त्या कल्हईनंच झाली ना! हैदराबादच्या त्या प्रयोगशाळेत मी नवीन, जिन्यात उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. "मले नाई जमत इथलं जेवन," एवढंच म्हटलं असेल. वरच्या पायरीवरून आवाज आला, "कोन्या गावची वं तू?" मी म्हटलं, इंझोरी. तुम्ही दोन पायऱ्या एकदम उतरलात. "इंझोरी! अरे बाप्पा, इंझोरी त आमची गिऱ्हाईकी!"

तुमचे अब्बा सायकलला भाता बांधून आमच्याकडं यायचे. गावात बाकीचे कारागीर पाटलाच्या ओट्यापर्यंत यायचे आणि तिथूनच परत फिरायचे. अब्बा आमच्या बौद्धवाड्यात यायचे, निंबाखाली खड्डा करून भट्टी लावायचे आणि आईनं दिलेलं पाणी गटागटा प्यायचे. तापलेल्या गंजात, म्हणजे पितळेच्या पातेल्यात, नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर उठायचा, कापसाचा बोळा एक फेरा मारायचा, आणि काळंकुट्ट पितळ आतून चांदीसारखं होऊन जायचं. आम्ही पोरं तोंड उघडं टाकून पाहायचो. मग अब्बा कथलाची कांडी एकेकाच्या कानाशी नेऊन वाकवायचे. कुर्र असा बारीक आवाज यायचा. "असल कथील रडते," ते म्हणायचे. "शिसं मिसळलेलं मुकं राह्यते. मुक्या कथलाची कल्हई पोटात गेली त मानूस जिवानं जाते. सलीमचा बाप शिसं मिसळत नाई."

तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही जिन्यातच बसून घेतलंत. मला वाटलं, बापाच्या आठवणीनं भरून आलं. खरं कारण तुम्ही मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

तुम्ही नोकरीला लागलात त्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. पायलटच्या समोरच्या पडद्यांना वीज पुरवणारा एक डबा आहे, प्रत्येक विमानात तसे दोन, एक गेला तर दुसऱ्यानं उचलायचं. त्या डब्यात रिले असतो, वीज जोडणारा-तोडणारा काडेपेटीपेक्षाही लहान भाग. तो बनवणाऱ्यांनी कळवलं की आतल्या पायांवर आधी कथील आणि शिसं मिळून मुलामा असायचा, आता शिसं काढून टाकतो, शुद्ध कथील चढवतो. तुमची हरकत आहे का? तो कागद फिरत फिरत तुमच्या टेबलावर आला. "शुद्ध कथील वाचलं, सुजाता, आन मले अब्बा दिसले," तुम्ही म्हणालात. "कानाशी कांडी धरलेले. मनात म्हनलं, वा! आता आलं असल काम. आन मी लिहून देल्लं, हरकत नाई."

दुसऱ्या कोणी ही चूक केलीच नसती. दुसऱ्यानं पुस्तक उघडून पाहिलं असतं. कल्हईवाल्याच्या पोरालाच कथलाची पारख पुस्तकात पाहावी वाटली नाही.

कारण गोष्ट अगदी उलटी निघाली. भांड्याला शिसं म्हणजे विष, पण विमानातल्या कथलाला चिमूटभर शिसंच सांभाळतं. अब्बांची कल्हई आगीवर वितळते, बोळ्यानं पुसली जाते, निवांत बसते. कारखान्यातला मुलामा विजेनं चढवतात. त्याच्या अंगात ताण राहून जातो आणि तो ताण एखाद दिवशी बाहेर निघतो. कथलाला केस फुटतात. अक्षरशः केस. डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक धातूचा तंतू आपोआप वाढत जातो, आणि समोरच्या धातूला टेकला की वीज नको तिथून धावते. त्याला खाणं नाही, पाणी नाही. महिनोन्महिने गप्प बसतो, मग वाढतो. कधी वाढेल, कोणत्या पायावर वाढेल, हे आजतागायत कोणाला नेमकं सांगता आलेलं नाही. पहिल्यांदा तुम्ही मला भिंगाखाली दाखवलात, तेव्हा मी खुर्ची मागं सरकवली होती. मेलेल्या वस्तूला काही वाढताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

तुम्ही लपवलं नाहीत, हे मी सगळ्यांना सांगते. कळलं त्याच दिवशी वर जाऊन सांगितलंत, सही माझी आहे म्हणून. वरच्यांनी ऐकून घेतलं, नवे डबे शिसंवाल्या रिलेचे घ्यायला लावले. पण जे आधीच विमानांत बसले होते त्यांचं काय? आजवर एकही बिघडला नाही, मोठ्या दुरुस्तीच्या वेळी काढू, तोवर लक्ष ठेवा, असं ठरलं. लक्ष ठेवायचं काम तुम्ही मागून घेतलंत.

त्याच घाण्यातला, त्यांच्याच बरोबर बनलेला एक रिले तुम्ही टोपण कापून आपल्या टेबलावर ठेवला. दर सोमवारी चहाच्या आधी भिंगाखाली पाहायचा. एके सोमवारी तुम्ही मला हाक मारलीत, "ये वं इकडं. याले मिशी फुटली." तेव्हापासून ती आपली मिशी झाली. कोणाला कळू नये म्हणून नाही, भीती झाकायला. "काय म्हनते मिशी?" "आहे तशीच." "काय म्हनते मिशी?" "थोडी वाढली, बावा." पायावरून निघून ती बाहेरच्या कवचाकडं चालली होती. आपण दोघं कथलाच्या एका केसावर असं बोलायचो, जसं घरातल्या आजाऱ्यावर बोलतात.

आता आपल्या भांडणाकडं येते. तुम्ही त्याच्यातून असे निघून गेलात की मला उत्तरही देता येत नाही. रागवायचं कोणावर?

माझं मॉडेल तुम्हाला कधीच पटलं नाही. अहो, मी आयुष्याची चांगली वर्षं त्याच्यात घातली. डबा किती तापला, किती गार पडला, किती थरथरला, किती वेळा चालू-बंद झाला, हे सगळं घालायचं आणि तो अजून किती चालेल याचा आकडा काढायचा. ते चालतं, सलीमभाई. कपॅसिटर सुकायला आले हे त्यानं कितीदा आधी सांगितलं, तुम्हीच पाठ थोपटली होती. मग मी मिशीचाही हिशेब केला. ती कोणत्या वेगानं वाढते, कवच किती लांब आहे. अंतर पुष्कळ शिल्लक होतं. मोठी दुरुस्ती त्याच्या आधी येत होती. तोवर डबे राहू द्यायला हरकत नाही, असा माझा आकडा होता आणि येत्या मिटिंगमध्ये मी तो मांडणार होते.

तुम्ही कारंजाला सुट्टीवर गेलात आणि शुक्रवारी तिकडून फोन केलात. मी दळण आणायला निघाले होते, पिशवी हातात तशीच.

"सुजाता, ते डबे आताच काढाले सांग."

"कशावरून? एक तरी बिघडला का?"

"तू दोन डबे वेगळे धरते. एक गेला त दुसरा उचलते म्हनते. दोघं जाची शक्यता गुनाकार करून पार बारीक करून टाकते. अवं, ते अनोळखी मानसं नाईत. जुळे भाऊ आहेत ते. एकाच दिवशी बनले, एकाच विमानात बसले, एकाच उन्हात तापले. एकाले आलं त दुसऱ्याले बी येते."

"मग आकडा द्या ना! किती वाढवू शक्यता? दुप्पट? दसपट?"

"आकडा नाई माह्यापाशी."

"मग काय आहे?"

"भेव आहे."

मला हसू आलं, रागही आला. मी म्हटलं, "सलीमभाई, भेव कोणत्या रकान्यात भरू? भेवावर विमानं चालवायची तर एकही उडणार नाही. सगळी जमिनीवर उभी करून त्यांच्यात कोंबड्या पाळू." तुम्ही हसला नाहीत. नेहमी हसायचे. मागं कुठंतरी शिरपूरच्या गाडीचा कंडक्टर ओरडत होता. मग म्हणालात, "बरं. सोमवारी मिशीले पाहून घेजो. मी नाई तिथं." आणि फोन ठेवलात.

कोंबड्यांचं मी आजही मागं घेत नाही. भीतीनं निर्णय घेतले तर कामच बंद पडेल, हे खरंच आहे. पण तुमचा तो शांत आवाज मला आता सारखा ऐकू येतो. तुम्ही मला घाबरवत नव्हता. तुम्ही स्वतः घाबरलेले होते, आणि मी तुम्हाला कोंबड्या सांगितल्या.

सोमवारी मी तुमच्या टेबलाशी गेले. रिले भिंगाखाली धरला. मिशी नव्हती.

आधी वाटलं, रिले उलटा धरला. फिरवला. दिवा तिरका केला, उलटा केला, मग सरळ केला. पायावर फक्त बारीकसं खुंट होतं. मिशी तुटली होती. टेबलावरच्या रिलेची, ज्याला कोणी हलवत नाही, साफसफाईवाल्या मावशी ज्याच्या आजूबाजूनं फडकं फिरवतात, त्याची. तुटून गेली कुठं ते सापडेना. आत कुठं अडकली, हवेनं उडाली, माझ्याच श्वासानं गेली, काही कळेना. मी श्वास रोखून बसले. आणि मग लक्षात आलं. मी सगळा हिशेब मिशी कवचापर्यंत पोचायला किती वेळ लागेल याचा केला होता. पण तिला पोचायची गरजच नव्हती. ती अर्ध्या वाटेत तुटून कुठंही पडू शकते. विमानात तर सगळंच थरथरतं. तिथं किती तुटल्या असतील, कोणत्या दोन तारांच्या मधात जाऊन बसल्या असतील? माझं अंतर, माझा वेग, माझा आकडा, सगळं वाऱ्यावर गेलं.

मी तुम्हाला फोन लावला. "तुमी जिंकले, बावा," असंच म्हणणार होते, तोंडात तयार होतं. फोन भाभीनं उचलला. त्यांच्या रडण्यातून मला आधी काही समजेना, आणि समजलं तेव्हाही मी वेड्यासारखं म्हटलं, "त्यांना द्या ना जरा, महत्त्वाचं आहे."

डॉक्टरांनी जे नाव घेतलं ते मला इथं लिहायचं नाही.

मातीला मगरिबच्या नमाजाआधी, दिवस मावळायच्या आत पोचायचं तर एकच रस्ता होता. तुमच्यासाठी मी त्याच विमानात बसले, सलीमभाई. त्याच जातीच्या, त्याच वयाच्या. पट्टा बांधला आणि डोळे मिटले, पण डोळे मिटले की मला तो डबा आतून दिसायचा. जमिनीवरची वीज काढून इंजिनाची वीज घेतात तेव्हा आतले दिवे क्षणभर विझून पुन्हा लागतात. नेहमीचं आहे, मी स्वतः नव्या पोरांना शिकवते. दिवे विझले आणि मी शेजारच्या बाईचं मनगट गच्च पकडलं. ती चिवडा खात होती. "पहिल्यांदाच बसली काय वं बाई?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं चिवड्याची पुडी पुढं केली आणि म्हणाली, "काही होत नाही. मोठेमोठे लोक हिशेब करून उडवतात हे." मी चिवडा घेतला आणि मुठीतच धरून ठेवला. तिच्याकडं पाहवेना. तिच्या मागं कोणी म्हातारा झोपला होता, एका बाळाला कोणी थोपटत होतं. त्यांच्यातल्या कोणाला तुमची सही माहीत नव्हती आणि माझा आकडाही.

उतरले, समृद्धी महामार्गानं कारंजाला आले, तर मोहल्ल्यात गर्दी. बायांमध्ये मला जागा करून दिली. तुम्हाला उचलायच्या आधी अब्बा उंबऱ्याशी उभे राहिले. दोघांनी धरलं होतं त्यांना. आणि त्यांनी विचारलं, तुमच्याकडं विचारतात तसं, "माह्या सलीमकडून कोनाचं काही राह्यलं असन, कोनाचं मन दुखलं असन, त आत्ता सांगा. मी आहो त्याच्या बदली. नाई त माफ करा त्याले." आणि लोक म्हणाले, माफ केलं, माफ केलं. गल्लीच्या तोंडापर्यंत तो आवाज गेला. सगळ्यांनी केलं, सलीमभाई. माझ्याच तोंडून शब्द फुटेना. माझं काही राहिलं म्हणून नाही. ज्यांचं राहिलं होतं ते त्या गल्लीत नव्हते. ते त्या वेळी कुठंतरी वर, ढगांत, चिवडा खात बसले होते. त्यांना कोण विचारणार? त्यांच्या वतीनं मी कशी माफी देऊ?

मग तुम्हाला नेलं.

पाच दिवस इंझोरीला आईजवळ राहिले. रजा टाकली होती. आपल्या इकडून उंचावरून विमानं जातात, ठाऊक आहे ना? नागपूरकडं जाणारी. लहानपणी आम्ही हात हलवायचो. आता आवाज आला की मी घरात जायची. आईनं दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा विचारलं, "विमान आलं की तू काहून वर पाहत नाई? तुह्यंच त काम आहे ते." मी म्हटलं, "म्हणूनच नाही पाहत." तिला वाटलं, तुमच्या दुःखानं बोलून राह्यली. तिनं अब्बांनी कल्हई केलेला पितळेचा गंज काढला आणि त्याच्यात मला आवडतं ते वरण केलं. त्या गंजाचा आतला पांढरा थर पाहून मला जेवण गेलं नाही. कल्हईचा काय दोष? पण भीतीला कुठं कळतं की हे आगीवरचं कथील आणि ते विजेवरचं.

साहेबांना फोन केला होता. मिशी तुटली, माझा आकडा रद्द समजा, डबे काढायला लावा. ते वाईट माणूस नाहीत, तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, "सलीमच्या जाण्यानं तू हलली आहेस, समजू शकतो. पण एवढी विमानं थांबवायची तर मला काहीतरी कागदावर दाखवावं लागेल. सोमवारी मिटिंगला ये. नवा आकडा घेऊन ये." नवा आकडा! रजेवरसुद्धा लॅपटॉप उघडून बसले, सलीमभाई. दोन दिवस धडपडले. मिशी कुठं तुटेल, कुठं पडेल, याचा आकडा नाही निघत. मग मनात आलं, रजा वाढवावी. मी नसले तर जुना आकडा मांडला जाईल, डबे दुरुस्तीपर्यंत राहतील, आणि बहुतेक काही होणारही नाही. बहुतेक. मिटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून "माझ्याकडं आकडा नाही, भेव आहे" असं म्हणायची मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त, विमानात पुन्हा बसायची भीती वाटत होती. आईला सांगून टाकलं की आणखी आठ दिवस थांबते.

तेवढ्यात अब्बांना भेटून यावं म्हणून आज सकाळी कारंजाला आले. बॅग आपली सोबत होती, कारण भाभीनं मुक्कामाला बोलावलं होतं. अब्बा दुकानात बसले होते. भट्टी थंड, भाता खुंटीला. आता कोण करतं कल्हई? पण पोतं पसरून, हातात कथलाची कांडी घेऊन ते बसले होते. ती कानाशी नेऊन वाकवत होते, सरळ करत होते, पुन्हा वाकवत होते. मला पाहून म्हणाले, "ये बेटी. मले आता याचं रडनं ऐकू येत नाई. तुले येते काय, पाह्य."

माझ्या कानाशी वाकवली. कुर्र.

"येते, अब्बा."

"मंग असल आहे," ते म्हणाले आणि कांडी मांडीवर ठेवली.

मी त्यांच्यासमोर पोत्यावर बसले. तुमच्या सहीचं त्यांना सांगायचं नव्हतंच. ज्या गोष्टीचा त्यांना जन्मभर अभिमान, तिच्याच पायी पोराच्या हातून चूक झाली, हे या वयात त्यांच्या कानावर कशाला घालू? पण मनात साठलेलं किती दाबणार?

"अब्बा, त्या दिवशी तुमी दारात विचारलं ना, सलीमभाईकडून कोनाचं काही राह्यलं काय. मी गप्प राह्यली."

त्यांनी मान वर केली. "तुह्यं राह्यलं?"

"माह्यं नाई."

"मंग कोनाचं?"

"नावं नाई माहीत. लय लोक आहेत. त्याइले बी नाई माहीत."

त्यांनी काय, कसं, कशाचं, काही विचारलं नाही. कारागिराला माहीत असतं, कामात काहीतरी राहून जातं. दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मी म्हनलं होतं, त्याच्या बदली मी आहो. माह्याच्यानं फिटन काय ते?"

"नाई, अब्बा."

"कोनाच्यानं फिटन?"

मी उत्तर शोधत होते. खरं सांगते, कोणाचं तरी नाव तोंडात यावं म्हणून शोधत होते. साहेबांचं, कंपनीचं, कोणाचंही.

"माह्याच्यानं," मी म्हटलं.

"कधी?"

"उद्या सकाळी. तिकडं मिटिंग आहे."

अब्बांनी कांडी खाली ठेवली, भिंतीला धरून उठले. मला वाटलं, डोक्यावर हात ठेवतील, रडतील. ते चिडले. अगदी तुमच्यासारखे चिडले, सलीमभाई, आचाऱ्यावर तुम्ही चिडायचे तसे.

"अन् मंग अठी काहून बसली? जाय!"

मी आले. आज रविवार, रात्रीच्या रेल्वेला जागा नाही, दुसरं विमान नाही. हेच आहे, खांबाच्या पलीकडचं. उद्या मी आकड्याच्या रकान्यात लिहिणार आहे, माहीत नाही. आणि त्याच्या खाली लिहिणार आहे, तरीही दोन्ही डबे काढा. साहेब विचारतील कशावरून, तर तुमचा रिले टेबलावर ठेवीन आणि म्हणेन, या केसाचं काय झालं ते शोधून दाखवा, सापडला तर माझा जुना आकडा घ्या. ऐकतील की नाही, ठाऊक नाही. नाही ऐकलं तर परवा पुन्हा म्हणेन. तुमच्याकडून चिडायला शिकलेय, तेवढं कामी येईल.

बोलावून राह्यले. रांगेत माझ्या पुढं एक बाई उभी आहे, पोराचं बोट धरून, आणि पोरगं विमानाला हात हलवून राह्यलं.

सलीमभाई, मिशी तुटली. तुम्ही म्हणत होता ते खरं निघालं. लय भेव वाटून राह्यलं मले. उठते आता.